क्लिंकर डिंगीचं मॉडेल (१:१२) – चौथ्या फळीपासून सगळं वर चढतंय, काय चुकतंय?

अर्धवट_सुतार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

याआधी दोन किट केली, दोन्ही मोठ्या तोफांच्या जहाजांची. एक पूर्ण झालं, दुसरं अजून खोक्यात आहे (तो विषय नको). यावेळी ठरवलं की किट नको, लहानशी शिडाची बोट घ्यायची, पण मोठ्या स्केलला, आणि आतून बाहेरून सगळं खऱ्यासारखं करायचं, म्हणजे फळ्या, आतल्या बरगड्या, बसायच्या आडव्या पाट्या, सुकाणू, डोलकाठी, शीड, सगळं. म्हणून १२ फुटी डिंगीचा प्लॅन घेतला. क्लिंकर बांधणी आहे, म्हणजे प्रत्येक फळीची कड खालच्या फळीवर चढते, कौलं बसवतात तशी. १:१२ ला मॉडेल बरोब्बर एक फूट होतं, ३०५ मिमी, म्हटलं हिशोबाला सोपं.

आतापर्यंत केलं ते असं. जाड बोर्डावर मधोमध रेघ मारली, प्लॅनमधले आडवे छेद प्लायमधून कापून सात साचे उलटे उभे केले, त्यावर कील (तळाचा कणा), पुढे स्टेम (टोकाचा उभा दांडा), मागे ट्रान्सम (मागची सपाट फळी). इथपर्यंत मस्त. मग ०.८ मिमी बासवुडच्या (मऊ, हलकं लाकूड) १० मिमी रुंद सरळ पट्ट्या कापल्या (एका बाजूला १० फळ्या धरल्यात) आणि चढवायला लागलो. कीललगतची पहिली फळी नीट बसली, दुसरी बरी, तिसरीला नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) जरा दम द्यावा लागला आणि चौथी ऐकेचना. मध्यावर नीट बसते पण दोन्ही टोकांना वर वर जाते (बोट उलटी आहे म्हणून खरं तर खाली, पण समजून घ्या). दाबून जागेवर आणली की एक कड फुगते आणि फळी साच्यापासून सुटते. भिजवून बघितलं, वाफेवर धरून बघितलं, इस्त्री फिरवून बघितली, एका ठिकाणी वाचून अमोनियाच्या पाण्यात ठेवून बघितलं, घरातल्यांनी मला बाल्कनीत काढलं, फळी काही वाकली नाही.

डाव्या बाजूला चार झाल्यात, उजवी बाजू अजून रिकामी आहे. काय करू? लाकूड बदलू का? की ०.५ मिमी घेऊ?

---

झटपट_राव

अहो एवढं काय त्यात. जिथे सुटते तिथे भरपूर गम, चिमटा, वाळली की पुट्टी भरा, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, वर रंग. दोन फुटांवरून कोणाला काय दिसतंय. माझी तिन्ही मॉडेलं अशीच झालीत आणि पाहुणे वाहवा करतात.

---

पटाशी

राव, तुमची मॉडेलं कार्व्हेल होती, फळी शेजारी फळी, सगळं सपाट, तिथे पुट्टी खपते. क्लिंकरला पुट्टी भरून घासली तर क्लिंकर उरणारच नाही ना, त्या बोटीचं सगळं रूप त्या कडांच्या सावल्यांत आहे. एक कड जरी लाटेसारखी गेली तरी खोलीच्या दारातून दिसते. हलकेच घ्या.

सुतार, लाकडाला दोष देऊ नका, बासवुड बिचारं ठीक आहे. पट्टी सरळ आहे, सगळी भानगड तिथेच आहे.

एक करून बघा. एक फुगा फुगवा आणि त्यावर कागदाची सरळ पट्टी गुंडाळायचा प्रयत्न करा, कुठेही न चुरगळता. पट्टी तिच्या मनाने जिथे जाईल तिथेच सपाट बसते, बाजूला ओढली की एक कड फुगते. लाकूड जाडीच्या दिशेने वाकतं, पीळही घेतं, पण रुंदीच्या दिशेने (म्हणजे ताटलीच्या कडेसारखं) वाकायला तयार नसतं, आणि ०.५ केलं तर अजून लवकर फुगेल. खऱ्या बोटीतसुद्धा फळी सरळ कधीच नसते. रुंद फळकुटातून ती वळणदार कापून काढतात आणि मग बोटीवर ती अशी बसते की बघणाऱ्याला सरळ वाटते.

आता दुसरी गोष्ट. मध्यावर कीलपासून वरच्या काठापर्यंत कागदाची चिंधी लावून घेर मोजा. समजा ८८ मिमी आला. १० फळ्या, प्रत्येक सांध्याला १.५ मिमी चढण, सांधे नऊ. म्हणजे ८८ अधिक १३.५, भागिले १०, फळीची रुंदी साधारण १०.१. बरोबर, तुमची १० मिमी इथे जुळते. आता तेच स्टेमवर मोजा. तिथे घेर समजा ५२ भरला तर ६५.५ भागिले १०, म्हणजे साडेसहा मिमी. तुम्ही तिथेही १० मिमीच चढवताय! चार फळ्यांत तुम्ही नाळेकडची निम्म्याहून जास्त जागा खाऊन टाकलीत, सहावीलाच जागा संपेल आणि शेवटच्या चार फळ्या टोकाला काठाच्या बाहेर जातील. (आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या साच्यांवर मोजा, आणि प्लॅनमध्ये फळ्यांच्या रेषा दिलेल्या असतील तर त्याच धरा.)

म्हणून फळी कापायच्या आधी आखणी. प्रत्येक साच्यावर, स्टेमवर आणि ट्रान्समवर दहा भागांच्या खुणा करायच्या, मग २ x १ मिमीची एक लवचिक पट्टी घेऊन एकेका ओळीच्या खुणांवरून टाचण्यांनी धरायची आणि बघायचं. बघायचं म्हणजे खरंच बघायचं, डोळा बोर्डाच्या पातळीला आणून पुढून, मागून, एक डोळा मिटून. पट्टी कुठे दचकली असेल तर खूण चुकली असं समजा, पट्टीला ओढून खुणेवर आणू नका, खूण पुसा. मी मोजमापापेक्षा या पट्टीवर जास्त विश्वास ठेवतो. सगळ्या नऊ ओळी मनासारख्या दिसेपर्यंत दोन-तीन संध्याकाळी जातात, जाऊ द्या.

मग एकेका फळीचा आकार उचलायचा, त्याला स्पायलिंग म्हणतात. मोठ्या बोटीला त्यासाठी पातळ फळी आणि कंपास घेतात, आपल्या स्केलला सोपा मार्ग आहे. रुंद पारदर्शक चिकटपट्टी त्या जागेवर साच्यांवरून लावायची, ताणायची नाही, सुरकुती पडू द्यायची नाही. खालच्या फळीवरची चढणीची रेघ आणि वरच्या खुणा पेनाने उतरवायच्या, अलगद काढून सपाट लाकडावर चिकटवायची, वळणपट्टीने खुणा जोडायच्या. पहिल्यांदा तो आकार बघाल तेव्हा वाटेल हे चुकलंय, कारण कधी धनुष्यासारखा येतो, कधी दोन्हीकडे वळलेल्या एस सारखा. चुकलेलं नसतं. कापा आणि लावून बघा, बिनजबरदस्तीचं बसेल, दोन बोटांनी धरलं तरी.

आणि दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवून एकदम कापा, डावी-उजवी जोडी एकसारखी मिळते. आणि हो, डावी बाजू चार फळ्या पुढे आणि उजवी रिकामी, असं कधीच करू नका. एक डावी, एक उजवी. नाहीतर गम वाळताना एका बाजूने ओढ बसून कीलच वाकडी होते, आणि ते शेवटी कळतं.

---

अर्धवट_सुतार

पटाशीदादा (की ताई?) दंडवत. फुग्याचा प्रयोग केला. मुलगी पण बसली शेजारी, तिला जास्त मजा आली. डोक्यात लख्ख उजेड पडला, दोन किट करून हे कुणी सांगितलं नव्हतं, किटमध्ये सरळ पट्ट्याच देतात ना.

स्टेमला मोजलं, ५४ मिमी आलं. म्हणजे चारही फळ्या काढणं आलं. पण मी पांढरा लाकडाचा गम लावलाय आणि टोकांना घाईत सायनो (झटपट चिकटणारा गम) टाकलाय. तुटल्याशिवाय निघतील का? साचे तरी वाचायला हवेत.

---

गुळगुळीत_कागद

निघतात, मी अख्खी बाजू काढलीये एकदा.

पांढऱ्या गमला आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्रशने सांध्यावर सोडायचं, वर टिश्यू पेपर गुंडाळून तोही भिजवायचा, अर्धा तास विसरून जायचं. गम रबरासारखा होतो, मग पातळ पातं सारून हळू सोडवायचं. सायनोच्या जागी अ‍ॅसिटोन, कापसाच्या बोळ्याने, थोडं थोडं. दोन्ही भडकन पेट घेणाऱ्या वस्तू आहेत, तेव्हा ती इस्त्री त्या दिवशी टेबलावर नको, खिडकी उघडी आणि हातमोजे. तुमची बाल्कनी आहेच म्हणा.

आता सायनोचं. बाहेरून रंगणार असाल तर एक वेळ चालेल, पण आतून वार्निश दिसणार असेल तर सायनो दूरच ठेवा. लाकडात मुरतो, डाग पडतो आणि त्या डागावर वार्निश वेगळंच दिसतं. पांढऱ्या गमाचंही तेच, सांध्यातून बाहेर आलेला थेंब वाळू दिला की तिथे लाकडाची छिद्रं बुजतात आणि नंतर फिकट ठिपका उठतो. ओल्या ब्रशने लगेच पुसा, दर वेळी, आळस न करता. माझ्या पहिल्या डिंगीत आत असे सतरा ठिपके आहेत, मी मोजलेत, पाहुण्यांना दिसत नाहीत, मला दुसरं काही दिसतच नाही.

साच्यांच्या कडांना आधी मेण चोळा किंवा पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. क्लिंकरमध्ये साचे शेवटी काढून टाकायचेत, फळ्या साच्याला चिकटल्या तर कवच उचलताना तुटेल. चिकटवायचं ते फक्त कीलला, स्टेमला, ट्रान्समला आणि फळीला फळी.

लाकूड बदलू का विचारलंत म्हणून: रंगवणार असाल तर बासवुड ठीक, फक्त कापताना कडेला लव सुटते, पातं सतत नवीन लागतं. आतून लाकूड दाखवायचं असेल तर पेअरवुड किंवा मेपल, रेषा इतक्या बारीक असतात की १:१२ ला खोट्या वाटत नाहीत. किटवाले अक्रोड देतात, मला पटत नाही, त्याची छिद्रं एवढी मोठी की १२ ने गुणली तर खऱ्या बोटीच्या फळीला बोटभर भोकं पडल्यासारखी दिसतील. ओक तसाच. बाल्साला हातच लावू नका, कड धरत नाही.

अमोनियाबद्दल: घरगुती अमोनिया म्हणजे बहुतेक पाणीच. लाकूड मऊ होतं ते ओल आणि उष्णतेने, वासाने नाही. अमोनियाने लाकूड खरंच लवचिक करतात ते निर्जल अमोनिया वायू वापरून, ते घरी करायचं काम नव्हे. उलट ओकसारख्या टॅनिनवाल्या लाकडाला त्याने काळपट रंग चढतो. गरम पाणी, दहा मिनिटं, आणि मग केसांचा ड्रायर किंवा इस्त्री, पुरे.

---

जुना_रंधा

अमोनियाबद्दल असहमत. मी कित्येक वर्षं वापरतोय, फळ्या छान वळतात. बाकी स्पायलिंगला +१.

---

गुळगुळीत_कागद

जुना_रंधा, एक फळी नुसत्या गरम पाण्यात आणि एक अमोनियात, एकाच तक्त्यातून कापलेल्या, एवढं एकदा करून बघा आणि इथेच सांगा. वळतात यात वाद नाही, कशाने वळतात हा वाद आहे. आणि ती बाटली ब्लीचच्या बाटलीशेजारी ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू तयार होतो.

---

खारी_हवा

धागाकर्त्याने बोट झकास निवडलीये. थोडं अवांतर.

ही १२ फुटी डिंगी जॉर्ज कॉकशॉट नावाच्या इंग्रज हौशी डिझायनरने १९१२ च्या सुमारास काढली, स्पर्धेसाठी. एक शीड, एक डोलकाठी, मागे छोटी ट्रान्सम, बास. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये होती, नंतर १९२८ लाही. शिडाचं क्षेत्र ९.३ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस फूट. तुमच्या स्केलला १४४ ने भागायचं, साधारण ६४६ चौरस सेंमी, वहीच्या उघडलेल्या दोन पानांएवढं.

क्लिंकर पद्धत अर्थात त्याहून फार फार जुनी. नॉर्वेतलं गोकस्टाड जहाज १८८० मध्ये उकरून काढलं, व्हायकिंग काळातलं, एका बाजूला १६ फळ्या, आणि त्याच्यासोबत तीन लहान बोटीही सापडल्या. त्या लहान बोटींची मॉडेलं करणारे बरेच आहेत, कारण फळ्या कमी आणि रुंद, चुका लपवायला जागाच नाही. पुढच्या खेपेला विचार करा. त्यातल्या चार वल्ह्यांच्या बोटीला फेरिंग म्हणतात आणि फळ्यांची ओळ डोळ्याने सरळ करण्याला फेअरिंग, मी पहिलं वर्षभर दोन्ही एकच समजत होतो आणि वाक्यांचा अर्थ लागत नव्हता.

२०२१ मध्ये नॉर्डिक देशांची क्लिंकर बोट बांधायची परंपरा युनेस्कोच्या यादीत गेली. तिथले कारागीर आधी कवच बांधतात, बरगड्या नंतर आत बसवतात. म्हणजे तुम्ही मॉडेल ज्या क्रमाने करताय तोच खरा क्रम आहे, फ्रेम आधी आणि फळ्या नंतर हा मोठ्या कार्व्हेल जहाजांचा क्रम.

---

अर्धवट_सुतार

अपडेट. चारही फळ्या निघाल्या, साचे वाचले, एक फळी तुटली पण ती तशीही टाकायचीच होती. कील मध्यरेषेपासून पाऊण मिमी डावीकडे गेलेली सापडली (पटाशी, तुम्ही म्हणालात तेच!), पाण्याचा हात फिरवून आणि उलट बाजूने वजन बांधून दोन दिवस ठेवली, आली जागेवर.

आखणीला चार संध्याकाळी गेल्या. मग चिकटपट्टीने आकार उचलला. पहिल्या फळीचा आकार बघून मी खरंच परत मोजलं, एवढा विचित्र. पण बसली हो! टाचणीसुद्धा लागली नाही. आता दोन्ही बाजूंना पाच-पाच झाल्यात.

दोन शंका. एक, जिथे बोटीचं पोट वळतं तिथे वरची फळी खालच्या फळीवर नुसती कडेने टेकते, पूर्ण चिकटत नाही. दोन, नाळेला सगळ्या फळ्यांच्या पायऱ्या दिसतात, प्लॅनमध्ये तिथे सपाट दाखवलंय.

---

पटाशी

(दादाच.) दोन्हीचं उत्तर एकच, घासा.

खालच्या फळीच्या चढणीच्या पट्ट्यावर, म्हणजे त्या दीड मिमीवर, तिरपा उतार काढायचा. तो कोन सगळीकडे सारखा नसतो, तळाशी जवळपास सपाट, पोटाच्या वळणावर सगळ्यात जास्त, पुन्हा वर कमी. मी पुढच्या साच्यावर आणि वरच्या खुणेवर पोलादी पट्टी टेकवतो, पट्टी आणि फळीमध्ये उजेड दिसला की तिथे अजून घासायचं. कानस नको, सपाट काठीला पॉलिश पेपर चिकटवून घ्या, नाहीतर कड गोल होते. बाहेरची कड मात्र शाबूत ठेवा, चढणीची रेघ ओलांडून पुढे गेलात तर वरून फट दिसेल.

नाळेला शेवटच्या दीड-दोन सेंमीत दोन्ही फळ्यांना एकमेकींत खाच द्यायची. खालच्या फळीची चढण हळूहळू खोल करत न्यायची आणि वरच्या फळीच्या आतल्या बाजूने तेवढंच काढायचं, म्हणजे स्टेमला पोचेपर्यंत दोन्ही एका पातळीत. ०.८ मिमीमध्ये प्रत्येकीतून ०.४ काढायचं आहे, हात थरथरतोच. आधी रद्दी फळ्यांवर तीन-चार वेळा करा. झालेल्या पाच फळ्यांना परत सोडवू नका, बाहेरून हलकं घासून पायरी मऊ करा आणि सहावीपासून नीट करा. खालचा भाग तसाही स्टँडवर सावलीत जातो.

---

दोरखंड

मी शीड-दोऱ्यांवाला, उशिरा आलो पण आत्ताच सांगून ठेवतो, कारण कवच झालं की सगळे घाईला येतात आणि पडद्याचं कापड कापून शीड लावतात, आणि त्या सुंदर बोटीवर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं.

हिशोब करा. खरं शिडाचं कापड समजा ०.४ मिमी जाड. १२ ने भागलं तर ०.०३. छपाईचा साधा कागद ०.१ मिमी असतो. म्हणजे कुठलंही कापड तुमच्याकडे जाडच पडणार. म्हणून बरेच जण सिल्कस्पॅनसारखा लांब धाग्यांचा पातळ कागद घेतात, चौकटीवर ओला ताणून, पातळ अ‍ॅक्रिलिकचा हात देऊन. कापडच हवं असेल तर मिळेल त्यातलं सगळ्यात बारीक विणीचं सुती. शिवणी मशीनने घालू नका, टाके दोरखंडाएवढे दिसतात, टोकदार पेन्सिलीने दोन रेघा मारल्या तरी जास्त खरं वाटतं. शीड गुंडाळून ठेवायचं असेल तर पूर्ण आकाराचं गुंडाळू नका, गादीची वळकटी होते. उंचीत अर्ध्याहून जास्त कापून टाका, कोणाला कळणार नाही.

दोऱ्या: खरी १० मिमीची दोरी म्हणजे ०.८ मिमी. शिलाईच्या धाग्याची लव १:१२ ला केसाळ सुरवंटासारखी दिसते, जवळ जाऊन फोटो काढला की कळतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, मॉडेलवरची दोरी स्वतःच्या वजनाने लोंबत नाही. आकार १२ ने लहान झाला की वजन १७२८ ने लहान होतं, पण धाग्याचा ताठपणा काही त्या मानाने कमी होत नाही. १०० किलोची बोट स्केलने ५८ ग्रॅमची होते, मग दोरीच्या तुकड्याला कसलं वजन उरणार. म्हणून सैल दोरी आणि वेटोळी पाणी घातलेल्या गमात भिजवून टाचण्यांवर हवा तसा झोल देऊन वाळवायची, आणि मग बसवायची. यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा, बोट जिवंत दिसते ती त्या झोलामुळे.

डोलकाठीला लेथ लागत नाही. सरळ रेषांची चौकोनी काडी, ती आधी निमुळती करा, मग चारी कडा मारून अष्टकोनी, मग पॉलिश पेपर. गोल काठी आणून निमुळती करायला गेलात तर मध्य हरवतो.

---

अर्धवट_सुतार

दोरखंडभाऊ, १७२८ वाचून थक्क. वाचनखूण साठवली.

तांब्याच्या रिव्हेटचं काय करायचं? खऱ्या बोटीत प्रत्येक सांध्याला ओळीने असतात. मी ७५ मिमी अंतर धरलं तर मॉडेलवर दर सव्वासहा मिमीला एक, दोन्ही बाजू मिळून नऊशेच्या आसपास होतात. करायचे का खरे?

---

गुळगुळीत_कागद

आधी दोन रद्दी फळ्या जोडून त्यावर वीस करून बघा. ०.४ चं भोक, तांब्याची बारीक तार, कापून, घासून सपाट. बाहेरून रंग येणार असेल तर तिथे नुसती टाचणीची टोच पुरते, रंगाखाली अगदी पुसट दिसते आणि तसंच दिसायला हवं. आत वार्निशखाली तांब्याचे ठिपके फार गोड दिसतात. पण डोकं १ मिमीच्या वर गेलं तर बोटीला गोवर आल्यासारखं वाटतं, मग नसलेले बरे. रंग चकचकीत घेऊ नका, मंद चमकेचा, पातळ, चार-पाच हात. चकचकीत रंगाने बोट लगेच खेळणं होते.

---

झटपट_राव

नऊशे!! मी माझी पुट्टी घेऊन घरी जातो. (पण तो चिकटपट्टीचा प्रकार करून बघणार आहे, कुणाला सांगू नका.)

---

जुना_रंधा

गुळगुळीत_कागद, केलं तुमचं. एकाच तक्त्यातल्या दोन फळ्या, एक गरम पाण्यात, एक अमोनियात, दोन्ही दहा मिनिटं, एकाच साच्यावर. सारख्याच वळल्या. अमोनियावाली जरा पिवळी पडलीये. अर्धी बाटली शिल्लक आहे, फरशी पुसायला वापरतो.

---

अर्धवट_सुतार

दहाही फळ्या चढल्या, दोन्ही बाजूंना. काल साचे काढले. मेण लावलं होतं तरी एक साचा अडकला, पण हलवून हलवून निघाला. कवच हातात घेतलं तर काही वजनच नाही, उजेडाकडे धरलं की लाकडातून प्रकाश येतो. घरातल्यांनी बाल्कनीतून आत यायची परवानगी दिलीये.

बरगड्या सुरू केल्यात, १.७ x १ मिमीच्या, गरम पाण्यातून काढून आतून दाबत जायच्या, डझनभर झाल्या, तीन मोडल्या. रिव्हेट फक्त आतून करायचं ठरवलंय.

पण एक खुपतंय. वरून बघितलं की उजवी बाजू नाळेकडे कुठेतरी जास्त फुगीर वाटते. मोजलं तर काठाला दोन्हीकडे सारखंच भरतंय. माझ्या डोळ्यांचा दोष म्हणायचा का?

---

पटाशी

काठ सारखा असून फुगीर वाटतंय म्हणजे काठाच्या खाली कुठेतरी आहे. बोट आरशासमोर धरा, नाळ आरशाकडे करून, आणि बोटीकडे न बघता आरशातल्या बोटीकडे बघा. आपल्या डोळ्याला आपल्या चुकीची सवय झालेली असते, आरशात डावं-उजवं उलटलं की ती चूक परक्याची वाटते आणि लगेच दिसते. मग कुठली फळी ते बोटाने धरून ठेवा, हात सोडू नका, नाहीतर परत हरवते.

---

अर्धवट_सुतार

आरशात बघितलं. उजवीकडची सातवी. अल्कोहोल आणि टिश्यू लावून ठेवलंय, अर्ध्या तासाने बघतो.